मुरड तीच, सारण वेगळे

कोलारच्या सोन्याच्या खाणींविषयी मी वाचू लागलो तो कामगारांच्या स्थलांतराच्या ओढीने. १८८० पासून त्या खाणींचा कारभार लंडनच्या ‘जॉन टेलर अँड सन्स’ या कंपनीकडे होता. खाणीतल्या गोऱ्या कप्तानांत आणि यंत्रे सांभाळणाऱ्यांत इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉल परगण्यातली माणसे बरीच होती. एवढ्या लहान परगण्यातले लोक एवढ्या लांब का येतात, हे शोधत टेलर घराण्याचा माग मागे मागे काढत गेलो आणि १८२४ सालच्या मेक्सिकोत जाऊन पोचलो. तिथे चांदीची खाण होती, बुडालेले भांडवल होते, पीतज्वर होता. पण मला गुंतवून ठेवले ते एका खाण्याच्या पदार्थाने. कॉर्नवॉलमध्ये त्याला ‘पॅस्टी’ म्हणतात, मेक्सिकोत ‘पास्ते’. इंग्रजांच्या ‘पाय’ या पदार्थकुळातलाच हा प्रकार, पण थाळीत भाजलेला नव्हे, हातात धरून खाण्याचा. मराठी वाचकाला ओळख करून द्यायची तर एकच उपमा पुरेशी आहे: भट्टीत भाजलेली, तळहातापेक्षा मोठी, तिखटमिठाची करंजी.

घर सोडून गेलेला माणूस नव्या मुलखात आधी काम शोधतो, मग डोक्यावर छप्पर शोधतो आणि ही दोन्ही मिळाली की आपल्या चवीचे खाणे शोधू लागतो. पहिल्या दोन शोधांचे कागद सापडतात: करारनामे, हजेरीपट, भाडेपावत्या. तिसऱ्या शोधाचा कागद सहसा नसतो. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांचे मात्र असे झाले की ते जिथे जिथे गेले तिथे तिथे पॅस्टी उरली. ती कुठे कशी उरली हे शेजारीशेजारी ठेवून पाहिले, की नव्या मुलखात जुनी चव कशी जगते याचे उत्तर हाती लागते. आपल्यापैकी ज्यांची मुलेबाळे आज दूरदेशी आहेत, त्यांना ते उत्तर कदाचित आवडणार नाही.

खाणीतला डबा

कॉर्नवॉलची जमीन कथील आणि तांब्याची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातल्या तांब्याचा मोठा हिस्सा इथून निघत असे. खाणी खोल होत गेल्या तशी पाणी उपसण्याची वाफेची यंत्रेही इथेच सुधारत गेली. माणूस सकाळी शिडीने उतरला की दिवसाचे काम संपेपर्यंत वर येत नसे. त्याला असे जेवण हवे होते की ज्याला ताट लागणार नाही, चमचा लागणार नाही, जे सांडणार नाही आणि पोटात टिकेल.

पॅस्टी या गरजेला चपखल बसली. गव्हाच्या पिठात चरबी मिसळून घट्ट कणीक मळायची, गोल पारी लाटायची, अर्ध्या भागावर गोमांसाचे लहान तुकडे, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा पिवळसर गराचा कंद पसरायचा, मीठ-मिरी घालायची, पारी दुमडायची आणि कडेला मुरड घालायची. यात महत्त्वाची गोष्ट ही की सारण कच्चे असते. भट्टीत कणकेबरोबरच ते शिजते आणि मांसाचा रस बटाट्यात मुरतो. बायका पॅस्टीच्या एका टोकाला नवऱ्याच्या नावाचे अद्याक्षर उमटवत, म्हणजे अर्धी खाऊन ठेवलेली कोणाची हे अंधारातही कळावे.

या मुरडीबद्दल एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. कथिलाच्या खनिजात सोमल असतो, खाणकामगाराच्या बोटांना तो लागलेला असे, म्हणून तो मुरड मुठीसारखी धरून बाकीची पॅस्टी खाई आणि मुरड फेकून देई, अशी ती गोष्ट. ऐकायला उत्तम, पण पुराव्यावर टिकत नाही. जुन्या छायाचित्रांतले खाणकामगार पॅस्टी कापडी पिशवीत किंवा कागदात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाताना दिसतात. शिवाय जिथे भाकरीची भ्रांत होती तिथे कणकेचा सगळ्यांत जाड भाग रोज फेकला जाईल हे मनाला पटत नाही. १८४७ साली याच परगण्यात धान्यासाठी दंगे झाले होते.

मी ही पॅस्टी घरी करून पाहिली. ग्रंथालयात बसून पदार्थाचा इतिहास अर्धाच कळतो असे माझे मत आहे. आमच्या गावात गोमांस नाही, स्वीड तर कुठेच नाही. मी बोकडाच्या मटणाचे बारीक तुकडे आणि सलगम घेतले, चरबीऐवजी लोणी घेतले. मुरड माझ्या पत्नीने घातली आणि ती कशी घालायची हे तिला सांगावे लागले नाही. अंगठ्याने कड थोडी ओढायची, दुमडायची, दाबायची, पुढे सरकायचे. मुरडीच्या कानवल्याला जे बोट वळते तेच इथे वळले. सारण मात्र पुस्तकातले राहिले नाही. दोनशे वर्षांपूर्वी परमुलखात पोचलेल्या कॉर्निश बाईपुढचा प्रश्न नेमका हाच होता. आकार तिच्या बोटांत होता, तो तिच्याबरोबर आला. सारण बाजारात होते, आणि बाजार नवा होता.

वेराक्रूझहून डोंगरावर

स्पेनच्या अमलाखाली हिदाल्गोच्या डोंगरातली रेआल देल मोन्तेची चांदी प्रसिद्ध होती. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा लांबलेल्या युद्धाने खाणी ओस पडल्या होत्या आणि पाण्याने भरल्या होत्या. १८२४ साली लंडनमध्ये या खाणींसाठी कंपनी उभी राहिली आणि तिचा सूत्रधार होता जॉन टेलर. कल्पना सरळ होती: कॉर्नवॉलची वाफेची यंत्रे आणि ती चालवणारी माणसे न्यायची, पाणी उपसायचे, चांदी काढायची.

१८२५ मध्ये माणसे आणि सुमारे दीड हजार टन यंत्रसामग्री जहाजांनी निघाली. वेराक्रूझ बंदरासमोरचा किल्ला अजून स्पॅनिश सैन्याच्या हातात असल्यामुळे सामान जवळच्या उघड्या किनाऱ्यावर उतरवावे लागले. पावसाळा होता, पीतज्वराची साथ होती. कॉर्निश माणसे मेली, त्यांच्याबरोबर राबणारे मेक्सिकन मजूर त्याहून अधिक मेले. तिथून सुमारे चारशे किलोमीटर, समुद्रसपाटीपासून २७०० मीटर उंचीपर्यंत, ओतीव लोखंडाचे ते अवाढव्य भाग खेचरांनी आणि माणसांनी ओढून नेले. ते पोचायला १८२६ चा मे उजाडला.

कंपनीला त्यात फायदा झाला नाही. जवळजवळ पाव शतक पैसा ओतून १८४० च्या दशकाच्या अखेरीस तिने खाणी मेक्सिकन भांडवलदारांना विकल्या. पुढे खाणींतून भरपूर चांदी निघाली, पण ती दुसऱ्यांच्या वाट्याला आली. कॉर्निश माणसे मात्र सगळी परतली नाहीत. अनेकांनी रेआल देल मोन्ते आणि शेजारच्या पाचुका शहरात घरे केली, मेथॉडिस्ट प्रार्थनागृहे बांधली, फुटबॉल आणला. गावावरच्या टेकडीवर त्यांची दफनभूमी आहे. तिथल्या बहुतेक कबरींची तोंडे इंग्लंडच्या दिशेला आहेत असे सांगतात.

आता पॅस्टीकडे वळू. डोंगरावरचे धुके आणि गारठा घरच्यासारखा होता. गहू आणि गुरे स्पॅनिशांनी तीनशे वर्षांपूर्वीच आणून रुजवली होती. बटाटा तर अमेरिका खंडाचाच. दक्षिणेकडच्या अँडीज पर्वतातून तो युरोपात गेला, कॉर्नवॉलच्या कणकेत शिरला आणि आता कॉर्निश खाणकामगारांच्या संगतीने पुन्हा समुद्र ओलांडून आपल्या खंडात परतला. स्वीड मात्र मागे पडला आणि त्याच्या जागी हिरवी मिरची आली.

ही मिरची कोणी घातली असेल? खाणीत कॉर्निश माणसे काही शे, मेक्सिकन कामगार हजारोंनी. आलेल्यांत एकटे पुरुष बरेच होते, काहींनी तिथेच लग्ने केली. एकट्याने आलेल्या पुरुषांचा स्वयंपाक कुणाला तरी करावा लागतो. आपल्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गड्यांना खाणावळवाल्या बायकांनी जगवले. तिथेही चूल स्थानिक बायकांच्या हाती आली असणार असे मला वाटते. पंपाचे वजन टनांत नोंदवणाऱ्या वहीत कणीक मळणारीचे नाव सहसा नसते. पण मिरची हीच तिची सही आहे असे मी मानतो.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. मेक्सिकोत स्पॅनिश वळणाची ‘एम्पनादा’ आधीपासून होतीच, म्हणजे दुमडलेली, भरलेली कणीक लोकांना नवी नव्हती. तरीही पास्ते तिच्यात विरघळून गेली नाही. तिचे नाव टिकले आणि तिची वेणीसारखी जाड मुरड टिकली. फरक विचारला तर तिथले लोक सांगतात: एम्पनादेत शिजवलेले सारण भरतात, खऱ्या पास्तेत बटाटा आणि मांस कच्चे जाते. कॉर्नवॉलच्या भट्टीतला मूळ नियम हिदाल्गोतल्या मिठाईवाल्याच्या तोंडी अजून आहे. आणि त्याच्याच दुकानात भोपळ्याच्या बिया व हिरव्या मिरच्या वाटून केलेल्या मोलेची पास्ते मिळते, घेवड्याची मिळते, अननसाची मिळते, तांदळाच्या खिरीचीसुद्धा मिळते. आज रेआल देल मोन्तेत पास्तेचे संग्रहालय आहे आणि २००९ पासून पास्तेचा महोत्सव भरतो. २०१४ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स या गावी येऊन गेले. ज्यांच्या पणजोबांचा कॉर्नवॉलशी काही संबंध नव्हता अशा लोकांनी त्यांचे स्वागत ज्या पदार्थाने केले, तो त्यांच्या दृष्टीने हिदाल्गोचा होता.

साहेबाचा डबा, मजुराचा डबा

दुसरे ठिकाण उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठी. मिशिगन राज्याच्या वरच्या द्वीपकल्पात १८४० च्या दशकात तांब्याच्या खाणी सुरू झाल्या आणि अनुभवी म्हणून कॉर्निश माणसे बोलावली गेली. ती कप्तान झाली, मुकादम झाली. १८६० च्या दशकापासून तिथे फिन्लंडचे लोक येऊ लागले आणि पुढे त्यांची संख्या फार वाढली. भाषा न येणाऱ्या या नवागतांच्या वाट्याला खनिजाच्या गाड्या ढकलण्यासारखी अंगमेहनतीची कामे आली. वर कॉर्निश, खाली फिनिश अशी ही उतरंड होती.

इव्हॉन आणि विल्यम लॉकवुड या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी या प्रदेशातल्या पॅस्टीचा सुरेख अभ्यास केला आहे. फिनिश मजुरांनी खाणीत वरिष्ठांचा डबा पाहिला आणि तो उचलला. वरिष्ठ त्यांच्या लेखी इथले जुने, स्थिरावलेले लोक होते, म्हणून त्यांचे खाणे हे या नव्या देशाचे खाणे वाटले. शिवाय ते अगदीच परके नव्हते. फिन्लंडमध्ये कणकेत सारण भरून भाजण्याची जुनी रीत आहे. ‘लान्त्तुकुक्को’ नावाच्या त्यांच्या पदार्थात जो कंद भरतात तो स्वीडच, अमेरिकेत ज्याला रुटाबागा म्हणतात. म्हणजे कॉर्निश माणसाला घरची वाटणारी चव फिनिश माणसालाही घरची वाटली, फक्त घरे वेगळी होती.

गंमत पुढे आहे. दोन पिढ्यांनंतर कॉर्निश कुटुंबे पांगली आणि फिनिश वस्ती उरली. त्यांच्या नातवंडांना पॅस्टी आजीच्या हातची म्हणून माहीत होती, आणि आजी फिनिश होती. साहजिकच पॅस्टी हा फिनिश पदार्थ आहे असे मानणारे लोक तिथे निघाले. १९५७ मध्ये मॅकिनॅक पूल झाला, पर्यटक येऊ लागले आणि रस्त्याकडेला पॅस्टीच्या पाट्या लागल्या. १९६८ मध्ये राज्याचे गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी यांनी मे महिन्यातला एक दिवस पॅस्टी दिन म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी कॅल्युमेट अँड हेक्ला या तिथल्या सर्वांत मोठ्या तांबे कंपनीत संप झाला आणि त्यानंतर तिच्या खाणी कायमच्या बंद पडल्या. ज्या कामासाठी हा डबा जन्मला ते काम संपले आणि डबा त्या प्रदेशाची ओळख बनला. तिथले लोक आजही वाद घालतात: गाजर घालावे की नाही, वर रस्सा घ्यावा की टोमॅटोचा केचप. भाकरी थापावी की लाटावी यावर आपल्याकडे जितक्या पोटतिडकीने बोलतात तितक्याच पोटतिडकीने.

तिसरे ठिकाण थोडक्यात सांगतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात मूंटा इथे १८६१ मध्ये तांबे सापडले. १८६६ मध्ये कॉर्नवॉलचा तांबेधंदा कोसळला, त्यामुळे माणसांचे लोंढे अशा ठिकाणांकडे वळले. १९२३ मध्ये मूंटाच्याही खाणी बंद झाल्या. १९७३ पासून तिथे कॉर्निश संस्कृतीचा उत्सव भरतो. पण पॅस्टीला उत्सवाची गरज उरलेली नाही. ऑस्ट्रेलियात गावोगावच्या बेकरीत ती मांसाच्या पायशेजारी मांडलेली असते आणि ती विकत घेणाऱ्याला खाणीची आठवणही होत नाही.

अस्सल कोणती?

२०११ मध्ये युरोपीय आयोगाने ‘कॉर्निश पॅस्टी’ या नावाला संरक्षित भौगोलिक निर्देश दिला. आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला किंवा कोल्हापूरच्या गुळाला मिळाला तसाच. नियमांनुसार आकार इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा हवा, मुरड बाजूला हवी, वरून चालणार नाही. मांस किमान साडेबारा टक्के आणि भाज्या किमान पंचवीस टक्के हव्यात, आणि सारण कच्चे भरलेले हवे. पॅस्टी कॉर्नवॉलमध्ये भरली गेली पाहिजे, पण ती भाजली कुठेही तरी चालते.

भेसळखोर कारखानदारांना रोखण्यासाठी असे नियम लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातून निघणारा अर्थ पाहा. कॉर्नवॉलच्या कारखान्यात भरलेली कच्ची पॅस्टी दूरच्या एखाद्या रेल्वे स्थानकावर भाजली तरी ती कॉर्निश. आणि कॉर्नवॉलमधून गेलेल्या खाणकामगाराच्या पणतीने पणजीच्या रीतीने मूंटात केली तर ती या व्याख्येत नाही. जे घरी राहिले त्यांना नाव मिळाले. ज्यांनी ती जगभर नेली त्यांच्या हाती आठवण राहिली.

आणि घरी राहिलेली तरी किती जुनी? पॅस्टी हा शब्द मध्ययुगात श्रीमंतांच्या पानातल्या हरणाच्या मांसाच्या पदार्थासाठी वापरला जाई. त्यात बटाटा असणे शक्यच नव्हते, कारण बटाटा युरोपात सोळाव्या शतकात आला आणि गरिबाच्या कणकेत शिरायला त्याला आणखी बराच काळ लागला. म्हणजे आज कायद्याने अस्सल ठरवलेले सारण हा लांबच्या प्रवासातला एक मुक्काम आहे. २००६ मध्ये शेजारच्या डेव्हन परगण्यातल्या प्लिमथ शहराच्या १५०९-१० च्या हिशेबात पॅस्टीचा उल्लेख सापडला, तेव्हा ती मुळात आमचीच असे डेव्हनकरांनी म्हणायला सुरुवात केली. रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशात झालेला वाद ज्यांनी वाचला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही.

देशोदेशीच्या या हकिगती शेजारी ठेवल्या की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. परमुलखात गेलेला माणूस जेव्हा हुबेहूब घरची चव शोधतो, तेव्हा तो एका पिढीची भूक भागवतो. ती चव त्याच्या स्वयंपाकघरात राहते आणि बहुधा त्याच्याबरोबरच संपते. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पदार्थ पोचतो तो शेजाऱ्याने उचलला म्हणून. शेजारी तो उचलताना त्यात मिरची घालतो, गाजर घालतो, अननस घालतो, प्रसंगी त्याचे मूळ विसरतो आणि आपलेच नाव त्यावर लावतो. कॉर्निश पॅस्टी हिदाल्गोत टिकली ती कॉर्निश माणसांनी जपली म्हणून नव्हे, मेक्सिकन माणसांनी बदलली म्हणून. पदार्थ हातचा जाणे आणि पदार्थ टिकणे या बऱ्याचदा एकाच घटनेच्या दोन बाजू असतात.

हे आपल्याला कळायला हरकत नाही, कारण आपण अशाच एका पदार्थाच्या पसाऱ्यात राहतो. आपली करंजी गोव्यात नेवरी होते, उत्तरेत खव्याची गुजिया होते, आंध्रात कज्जिकायलु आणि तमिळनाडूत सोमासी होते. कुठे ओले खोबरे, कुठे सुके, कुठे डाळे, कुठे तीळ. यातली पहिली कोणाची हे ठरवायला बसले तर भांडण होईल, फराळ होणार नाही. तरीही परगावी गेलेली मुलगी दुकानातली करंजी चाखून ‘आपल्यासारखी नाही’ म्हणते, तेव्हा तिचे चुकत नाही. ती सारणाबद्दल बोलत नसते, ती कोणाच्या तरी हाताबद्दल बोलत असते. तो हात कुठल्याच बाजारात मिळत नाही, म्हणून तिचा शोध संपत नाही.

हिदाल्गोतून गेल्या काही दशकांत पुष्कळ लोक कामासाठी अमेरिकेत गेले आहेत. चांदीच्या खाणी आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत आणि पोट सगळ्यांनाच आहे. त्यातला एखादा दूरच्या शहरात बांधकामावरून सुटल्यावर पास्ते शोधत फिरत असेल. त्याच्या हातात मिशिगनची गरम पॅस्टी ठेवली, तर मुरड पाहून तो ओळखेल. घास घेतला की म्हणेल, बरी आहे, पण यात मिरची कुठे आहे? खरी पास्ते आमच्याकडे मिळते.